पेटीतल्या बाळांचे कान

लहान मुलांच्या डॉक्टरकडं इतके किस्से कसे साचतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. साचवावे लागत नाहीत हो! औषध कंपन्यांच्या फुकट कॅलेंडरांसारखे ते आपोआप येतात, घरात जागा नसली तरी येतात आणि टाकून द्यायचं म्हटलं की जीव होत नाही. परभणीत इतकी वर्षं दवाखाना चालवला, त्यातले सर्दी-खोकल्याचे किस्से आमच्या घरच्यांना पाठ झालेत. मी तोंड उघडलं की ते शेवट सांगून मोकळे होतात! म्हणून आज फक्त मंगळवारचे सांगते.

मंगळवार म्हणजे कानाचा वार. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या छोट्याशा दवाखान्यात एक काचेची पेटी होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली इवलीशी बाळं आम्ही तिच्यात उबेला ठेवायचो. बाळ जगलं, अंगावर थोडं मांस धरलं की आईबाप सुटलो म्हणून घरी न्यायचे.

पण या बाळांपैकी काहींना ऐकू येत नाही. कधी जन्मतःच, कधी जोराच्या काविळीमुळं, तर कधी ज्या इंजेक्शनांनी ती वाचली त्याच इंजेक्शनांमुळं. आणि घरच्यांना कळतं कधी? मूल दोन-तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही तेव्हा! तोवर बोलायला शिकायचं वय हातातून निसटत असतं. म्हणून आमचे कानाचे डॉक्टर पाठक आणि मी ठरवलं, पेटीतून घरी गेलेलं प्रत्येक बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की मंगळवारी बोलवायचं आणि कान बघायचे.

मशिन वगैरे काही नव्हतं. बाळ आईच्या मांडीवर. मी समोर बसून बाहुली नाचवायची. पाठक सर मागं उभे राहून, बाळाला दिसणार नाहीत असे, आवाज करायचे. बाळानं आवाजाकडं मान वळवली की ऐकू येतंय. संपली तपासणी! तिसऱ्या होत्या आमच्या सिस्टर सुलभा. आयांना धीर देणं आणि डॉक्टरांना टोमणे मारणं ही दोन्ही कामं त्या बिनपगारी करायच्या.

* * *

पहिल्याच मंगळवारी पाठक सर उत्साहानं एक पितळी घंटा घेऊन आले. एवढी मोठी, की देवळातून आणली का, असं मी विचारलं.

बाळ मांडीवर बसलं. मी बाहुली नाचवली. सरांनी मागून घंटा हाणली. बाळ दचकलं, आई दचकली, माझ्या हातातली बाहुली पडली. ‘‘ऐकू येतंय!’’ सर खूश होऊन म्हणाले. दुसऱ्या बाळालाही ऐकू येत होतं. आमच्या कंपाउंडरलाही.

पाचेक मिनिटांनी शेजारच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर धापा टाकत दारात हजर. मागं रस्त्यावर सगळी शाळा दप्तरं घेऊन घरी निघालेली!

‘‘डॉक्टरसाहेब,’’ हेडमास्तर हात जोडून म्हणाले, ‘‘कान तुमी तपासा, पन शाळा मला सोडू द्या!’’

* * *

घंटा गेली आणि खुळखुळा, वाटी-चमचा, चुरगाळायचा कागद असा संसार आला. मोठा आवाज बहिऱ्यालाही कळू शकतो, खरी परीक्षा बारीक आवाजाची, हे आम्ही हळूहळू शिकलो.

बाळाचं वय मोजताना आमचा एक नियम होता. दोन महिने आधी जन्मलेलं मूल नऊ महिन्यांचं असेल, तर आम्ही ते सातचं धरायचो. नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो. हा नियम मी झरीच्या एका गुरुजींना समजावून सांगितला. ते नातवाला घेऊन आले होते. फार लक्ष देऊन त्यांनी ऐकलं.

‘‘म्हणजे सायन्सच्या हिशेबानं याचं वय दोन महिन्यांनी कमी?’’

‘‘वाढ बघताना तसंच धरायचं.’’

‘‘तसं सर्टिफिकेट देता का मॅडम?’’

‘‘कशाला हो?’’

‘‘शाळेत तीच तारीख लावतो. रिटायर व्हायला दोन महिने जास्ती मिळतील लेकराला!’’

मी हसले. गुरुजी नाही हसले. ‘‘हसू नका मॅडम. माझ्या बापानं मला शाळेत घालताना वय वाढवून सांगितलं, मास्तर आत घ्यायचा न्हाई म्हणून. आता ऐन उमेदीत घरी बसलोय!’’

मांडीवरचा नातू तेवढ्यात कागदाच्या आवाजाकडं वळून बघत होता. दात यायचे होते, आणि पेन्शनची सोय झाली होती.

* * *

वालूरच्या एका बाळानं मात्र आमचा घामटा काढला. खुळखुळ्याला दाद नाही. वाटी-चमच्याला नाही. कागदाला तर मुळीच नाही. आई कावरीबावरी झाली. घरात माणसं इतकी, की दिवसभर गोंगाट. कुणाच्याही आवाजाकडं लक्ष देणं त्या बाळानं केव्हाच सोडून दिलं असावं. पण हे आत्ता सुचतंय. तेव्हा आम्हा तिघांचेही चेहरे पडले होते.

आई रडवेल्या आवाजात म्हणाली, ‘‘घरी तर त्याला स्टो कळतोय बाई. दूध तापवायला घेतलं की लगीच मान फिरवतोय.’’

त्या काळी सुया आणि सिरिंजा उकळायला दवाखान्यात स्टो असायचाच. सिस्टरनी तो मागच्या बाजूला नेऊन ठेवला आणि पंप मारायला लागल्या. दुसऱ्या पंपाला बाळाची मान फिरली. तिसऱ्याला त्यानं भोकाड पसरलं!

आईनं त्याला छातीशी घट्ट धरलं, हसायला लागली, डोळे पुसायला लागली. पण बाळाला आता दूध हवं होतं आणि त्यापुढं कुणाचं काही ऐकून घ्यायला ते तयार नव्हतं. आई पाजायला लागली तर त्यानं तोंड फिरवलं. स्टोचा आवाज म्हणजे वाटीतलं दूध, हे त्याचं ठरलेलं! शेवटी पाठक सरांच्या चहाचं दूध वाटीत ओतून त्याच्यापुढं केलं.

सिस्टर म्हणाल्या, ‘‘बाळ पास झालं सर. तुमचा चहा तेवढा गेला!’’

* * *

आता अत्तराचं सांगते. इथूनच मंजूची गोष्ट सुरू होते.

पाठक सर हैदराबादेत शिकलेले. तिथून डिग्री आणि हिना अत्तराचा शौक घेऊन आले. सर यायचे त्याच्या अगोदर त्यांचा वास यायचा.

मंजू पूर्णेची. वडील शंकर रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, आई रुक्मिण. सातव्या महिन्यात जन्मलेली ही पोर पेटीत असताना काविळीनं पिवळी जर्द झाली होती. जगेल अशी मलाही खात्री नव्हती. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, एसटीचा भरवसा नसायचा. पण शंकर रेल्वेचा माणूस, गाडी मिळेल तशी गाठून बायको-मुलीला घेऊन मंगळवारी बरोबर हजर झाला.

मंजू आईच्या मांडीवर बसली. मी बाहुली दाखवली. सर मागं जाऊन उभे राहिले आणि मंजूनं झटकन वळून त्यांच्याकडं पाहिलं.

‘‘वा! ऐकू येतंय,’’ मी म्हटलं.

सर तसेच उभे. खुळखुळा त्यांच्या खिशातच होता. ‘‘अहो, मी अजून वाजवलाच नाही!’’

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. मग सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, कानांचं नंतर बघू. परभणी जिल्ह्यातल्या बाळांची नाकं मात्र फर्स्ट क्लास हैत!’’

सर निमूटपणे घरी गेले, साबणानं आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून परत आले. आधी तपासलेल्या बाळांना पुन्हा बोलवायचं ठरलं. पुढं ती सगळी एकेक करून खरोखरच पास झाली.

मंजूला त्याच दिवशी परत मांडीवर घेतलं. खुळखुळा वाजला. वाटी वाजली. मंजू माझ्या बाहुलीकडं बघून हसत राहिली.

* * *

एका दिवसावरून कुणाला बहिरं म्हणायचं नसतं. बाळ पेंगुळलेलं असेल, सर्दी झालेली असेल. म्हणून मंजूला पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं. या वेळी शंकरची आई सोबत आली. ‘‘सून नवखी हाय, मी बसते लेकराला घिऊन,’’ म्हणून म्हातारी स्वतःच खुर्चीत बसली.

आणि काय आश्चर्य! सरांनी उजवीकडं वाजवलं, मंजूनं उजवीकडं पाहिलं. डावीकडं वाजवलं, डावीकडं. सर हरखले. मला मात्र काहीतरी खटकत होतं. पोरगी आवाजाच्या जराशी आधीच वळत होती.

मी उठून आजीचा पदर हळूच बाजूला केला. आत आजीचं बोट मंजूच्या बरगडीवर होतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात सरांची सावली फरशीवर पडत होती, ती बघून आजी त्या-त्या बाजूनं नातीला गुदगुल्या करत होत्या!

‘‘आजी, ही कॉपी झाली!’’

‘‘झाली तर झाली!’’ म्हातारी अजिबात ओशाळली नाही. ‘‘कॉप्या करकरून लोकांची पोरं साहेब झाली. माझ्या नातीनं येवढं केलं तर काय बिघडलं?’’

सिस्टर खळखळून हसल्या. आजी नाही हसल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘‘जन्मली तवा म्हनले, जगत न्हाई. जगली. आता म्हनता, ऐकत न्हाई. एकदा तरी पास करा की वं बाई तिला!’’

मला त्यांचा राग आला नाही. मंजू आजीच्या मांडीवर त्या बोटाला पकडून खेळत होती.

* * *

शंकर हा अगदी कमी बोलणारा माणूस. पण जाताना दारात थांबला.

‘‘म्याडम, तिला ऐकू येतंय. गाडी आली की दचकून उठती ती. क्वार्टर लायनीलाच हाय आमचं.’’

‘‘रविवारी येते मी,’’ म्हटलं. ‘‘गाडी बघायला.’’

रविवारी पूर्णेला गेले. क्वार्टरच्या खोलीत मंजू जमिनीवर सतरंजीवर झोपली होती. इंजिन शिट्टी देत आलं, फळीवरची भांडी खडखडली आणि मंजूनं टक्क डोळे उघडले. ‘‘बगा!’’ आजी टाळी वाजवून म्हणाल्या. रुक्मिणनं माझ्याकडं इतक्या आशेनं पाहिलं, की तिथूनच परत फिरावं असं मला वाटलं.

मी म्हटलं, ‘‘आता तिला झोळीत झोपवा.’’

आढ्याला साडीची झोळी होती. मंजू तिच्यात झोपी गेली. आम्ही चहा घेतला. गाडी आली. तीच शिट्टी, तीच खडखड. झोळीतली मंजू झोपलेलीच.

‘‘थांबा म्याडम. नांदेडकडनं मालगाडी यायचीय,’’ शंकर म्हणाला.

मालगाडी आली. डबे संपता संपेनात. शंकर झोळीत वाकून मुलीच्या पापण्यांकडं बघत होता. गाडी गेली तरी तो तसाच वाकलेला होता.

‘‘तिला जमिनीतनं कळायलंय,’’ तो म्हणाला. ‘‘मी रोज हसायलो होतो. वाटायचं, बापाची गाडी ओळखती.’’

आजी म्हणाल्या, ‘‘मंग आता इलाज काय ते सांगा.’’

* * *

रेल्वेचा पास होता, म्हणून शंकर तिला सिकंदराबादला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मशिनवर तपासलं. मंजूला थोडंसं ऐकू येत होतं, पण फारच थोडं. तिला श्रवणयंत्र मिळालं. तेव्हाचं यंत्र म्हणजे छातीवर अडकवायची डबी आणि तिच्यातून कानाकडं जाणारी वायर. सिस्टरनी तिच्या झबल्यांना खिसे शिवून दिले. पूर्णेत बातमी पसरली की पॉइंट्समनच्या पोरीला डॉक्टरनं ट्रान्झिस्टर लावला.

यंत्र लावलं म्हणजे काम झालं, असं नसतं. अशा मुलाशी जवळ बसून, मोठ्यानं, सतत बोलावं लागतं. मी रुक्मिणला बजावलं, ‘‘जे करशील ते तिला सांगत कर. पाणी ओतलंस की पाणी म्हण. भाकरी थापलीस की भाकरी म्हण. तोंड बंद ठेवायचं नाही!’’

तिनं मान हलवली. दोन आठवड्यांनी विचारलं तर म्हणाली, ‘‘बोलते की बाई.’’ तेही अशा आवाजात, की मलाच यंत्र लागलं असतं!

मग पत्ता लागला. घरात सासरे होते. रेल्वेतूनच रिटायर झालेले, दिवसभर ओट्यावर बसणारे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आणि सासऱ्यापुढं सुनेनं आवाज काढायचा नाही, ही रीत. लग्न होऊन आल्यापासून रुक्मिणचा आवाज आबांनी धड ऐकलेलाच नव्हता. आता रीत सांभाळायची की पोर?

मी शंकरला सांगितलं. शंकरनं आईला सांगितलं. आजींनी आबांना काय सांगितलं कोण जाणे! दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळीच भाकरी बांधून घेऊन स्टेशनवर जायला लागले. प्लॅटफॉर्मच्या बाकावर दिवसभर बसायचे, अंधार पडता घरी यायचे. शेवटी स्टेशनमास्तरनं विचारलं, ‘‘काका, रिटायर झालात ना? रोज कामून येता? घरात भांडन झालं का?’’

‘‘भांडन न्हाई साहेब,’’ आबा म्हणाले. ‘‘सून बोलायलीय घरात. मी गेलो की गप बसंल. म्हनून हितं बसलोय.’’

इकडं रुक्मिणचा आवाज असा खुलला, की शेजारीण कुंपणावरून आजींना म्हणाली, ‘‘तुमची सून लय बोलायली हो आजकाल!’’

‘‘मंग?’’ आजी ठसक्यात म्हणाल्या. ‘‘डॉक्टरनं लिहून दिलंय!’’

* * *

पण मंजू बोलेना. भांडी पडली की आता बघायची, हाक मारली की कधी वळायची, कधी नाही. तोंडातून शब्द म्हणून काही नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पाठक सर म्हणायचे, वेळ लागतो. मीही तेच म्हणायचे. एकदा तपासणी झाल्यावर रुक्मिण उठलीच नाही. डोक्यावरचा पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘‘दिसभर बोलते बाई. भिंतीसंगं बोलल्यावानी वाटायलंय. कुनाला पोचायलंय का त्ये?’’

‘‘बोलत राहा,’’ एवढंच म्हणू शकले आणि ते म्हणताना मला माझीच चीड आली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिघं आली. मंजू आता दुडुदुडु चालत होती. रुक्मिण आत माझ्याजवळ बसून यंत्राच्या वायरीबद्दल विचारत होती, ती फार गुंतायची. दार उघडंच होतं. बाहेर व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथं शंकर आमच्याकडं पाठ करून गाडीसाठी बाटलीत पाणी भरत होता. रुक्मिण, इतर कुठल्याही बाईसारखी, नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. काही सांगायचं झालं की ‘आवं’ म्हणून हाक मारायची.

मंजू आमच्या पायांतून निसटून व्हरांड्यात गेली आणि बापाच्या मागं थोड्या अंतरावर उभी राहिली.

‘‘आवं!’’

‘‘आलो गं, पानी भरायलोय,’’ शंकर मागं न बघता म्हणाला.

माझ्याजवळ बसलेल्या रुक्मिणनं माझा हात गच्च धरला.

‘‘आवंऽ!’’

‘‘आलो म्हनलं ना...’’ म्हणत शंकर वैतागून वळला. मागं मंजू होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग व्हरांडाभर पाहिलं. मग दारातून आत, माझ्याशेजारी बसलेल्या बायकोकडं.

‘‘तू बोलावलंस?’’

रुक्मिणनं नाही म्हणून मान हलवली.

शंकरनं बाटली खाली ठेवली. नळ बंद केला. आणि मुलीकडं पुन्हा पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

‘‘आवं!’’

‘‘काय गं?’’ शंकर म्हणाला.